दोन रकाने

भट्टीच्या गॅसबिलाच्या पाठीवर मी उभी रेघ मारली.
डावीकडे लिहिलं: नुसता फोड कापणे.
उजवीकडे: फोड कापणे, शिवाय अस्तर खरवडणे.
लिबेरेत्सचं इस्पितळ, तिसरा मजला.
वोयतेख खाटेवर बसलेला,
उंची एकशे ब्याण्णव,
वजन ओल्या कोटासकट साठ.
बरगड्यांतून निघालेली नळी
खाली पाण्याच्या बाटलीत,
आणि बाटलीत बुडबुडे.

ही दुसरी खेप.
मार्चमध्ये नळी घातली, फुप्फुस फुगलं, घरी आला,
आम्ही म्हटलं, सुटलो.
या वेळी तो काच फुंकतही नव्हता,
बुटाची नाडी बांधत होता.

डॉक्टर यिंद्रोवा सीटी स्कॅनचे काप दाखवते.
फुप्फुसाच्या शेंड्याला तीन फुगे,
द्राक्षाच्या सालीइतके पातळ.
भाऊ पुढे वाकतो,
पेला उजेडात धरून बघावा तसा बघतो.
"हा माल मी परत भट्टीत टाकला असता."
"ती सोय इथे नाही," डॉक्टर म्हणते,
आणि हसत नाही.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले.
तीन भोकं, एक दुर्बीण, स्टेपलने शेंडा छाटायचा.
दुखणं कमी, घर लवकर,
पण काहींचं पुन्हा फाटतं.
खरवडलं तर आतली भिंत रक्ताळते,
आणि भरून येताना फुप्फुसाला धरून ठेवते.
मग पुन्हा बसायची भीती कमी,
दुखणं मात्र आठवडेच्या आठवडे.
अस्तर सोलूनच काढायचा रस्ताही आहे, आणखी धसमुसळा.
आणि शंखजिऱ्याची पूड. फवारली की घट्ट चिकटतं.
"पण हा चोवीसचा आहे.
पन्नाशीत कुणाला ही छाती उघडावी लागली
तर आत शिरायला वाट सापडायची नाही."
मी तिसरा रकाना आखला
आणि खोडला.

"मग चांगलं कुठलं?"
तिने आकडे सांगितले. एका देशात असे, दुसऱ्यात तसे,
कुठे शंभर माणसं, कुठे तीनशे,
कुणी त्यांना वर्षभर पाहिलं, कुणी पाच वर्षं.
छातीबद्दल छातीठोक कुणी बोलत नाही
हे मला त्या दिवशी कळलं.

वोयतेखने एकच विचारलं,
"त्यांच्यात काच फुंकणारे किती होते?"
ती कागदांकडे वळली,
एकही पान न उलटता म्हणाली,
"कुणी नाही."

संध्याकाळी त्याचा उस्ताद आला, म्हातारा ओल्द्रिख,
भाजलेल्या बोटांत सफरचंदांची पिशवी.
"छातीने फुंकतो तो शिकाऊ," तो म्हणाला,
"आपण गालाने फुंकतो. किती वर्षं सांगतोय."
मग बिलाची पाठ हातात घेऊन
चष्म्याशिवाय, लांब धरून, वाचत बसला.
"सुरईला मूठ कशी बसवतोस?"
"दोन्ही तापलेले असताना."
"एकच तापलेला असला तर?"
"सुटते. कधी महिन्याने, कधी गिऱ्हाइकाच्या हातात."
ओल्द्रिखने बिल मला परत दिलं.
सफरचंद कुणीच खाल्लं नाही.

सही वोयतेखने उजव्या रकान्यावर केली,
खरं तर इस्पितळाच्या फॉर्मवर करायची होती.
नर्सने दुसरा कागद आणला.

ऑपरेशननंतरचे चार दिवस
तो खोकताना उशी पोटाशी धरायचा,
मला शिव्या द्यायचा, ओल्द्रिखला, त्या मुठीला.
नळी अजून होतीच.
वयाच्या पंधराव्या वर्षापासून
बुडबुड्यांवर पोट भरणारा हा माणूस
बाटलीकडे टक लावून
ते थांबायची वाट बघत होता.

पाचव्या रात्री, साडेतीनला, मला जाग आली.
खोलीत काहीतरी कमी होतं.
पाणी त्याच्या श्वासाबरोबर
नळीत किंचित वर चढत होतं, उतरत होतं,
बाकी स्वच्छ, एका रंगाचं.
मी त्याला उठवलं नाही.
सकाळी नर्स सांगेल, खोक,
आणि मग पुन्हा पाहू.

बिलाची मुदत शुक्रवारी आहे.
भरताना खिडकीतली बाई ते उलटून बघेल.
डावा रकाना मी खोडलेला नाही.