सोमवारपर्यंत

सायमा सरोवर अजून बंद आहे.
दीड हात बर्फ, त्यावर स्कीच्या दोन रेघा,
आणि मधोमध व्हेइको म्हाताऱ्याचं स्टूल.
मासा लागेपर्यंत तो हलत नाही,
लागला तरी फारसा नाही.

मी शाळेची बस चालवते.
पहाटे सहाला इंजिन गरम व्हायला ठेवते
आणि तेवढ्यात, कुणी बघत नाहीसं पाहून,
पायरीच्या काठावर टाचा उचलते:
वीस, तीस, चाळीस.
खरं तर सुरुवात सोमवारी.
आज गुरुवार.
गुडघ्याचा निळा पट्टाही कालच बांधून पाहिला.
उतावळीच्या गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

फ्रिजवर तक्ता लावलाय.
चोवीस आठवडे, एकशे अडुसष्ट चौकोन,
सगळे कोरे.
त्यांत अजून एकदाही माझ्या पोटरीत गोळा आलेला नाही,
एकदाही बाहेरचं अंधारलेलं बघून
मी पांघरूण डोक्यावर ओढलेलं नाही.
इतकी चांगली खेळाडू
मी पुन्हा कधी असणार नाही.

पोहायचं तीन किलोमीटर आठशे.
सायकल एकशे ऐंशी.
आणि मग, जणू काही झालंच नाही,
बेचाळीस धावायचं.
घरी पाहुणे येणार असले
की माणसं मोजावीत, पुन्हा मोजावीत,
तसे मी हे आकडे मोजते
आणि दर वेळी ताटं कमी पडतात.

एकशे ऐंशी म्हणजे माझ्या बसचे तीन फेरे.
रस्ता पाठ आहे, पण गिअरमधून:
लाकडाच्या वखारीची चढण तिसऱ्यात,
चर्चमागची दुसऱ्यात, तिथे पोरंसुद्धा गप्प होतात.
आता तोच रस्ता मांड्यांनी पाठ करायचा.
बसून बसून बावन्न वर्षांची झाले.
सायकलवरही बसायचंच असतं म्हणा.

तिसरीतला आर्टू विचारतो, किती पोहणार?
मी खिडकीतून बोट दाखवते:
त्या धक्क्यापासून पाइनच्या बेटापर्यंत,
परत, आणि पुन्हा एकदा तेवढंच.
तो बराच वेळ बर्फाकडे बघतो.
"चालत गेलं तर सोपं आहे," म्हणतो.

बुधवारी तलावावर केर्टूबाई असतात, वय त्र्याहत्तर.
त्या पाण्याला ढकलत नाहीत,
जरा सरक, एवढंच सांगतात
आणि पाणी सरकतं.
मला म्हणाल्या, तू पाण्याशी भांडतेस.
म्हटलं, सोमवारपासून नाही भांडणार.
हसल्या. नाकातोंडात पाणी गेलं त्यांच्या.

सॉनाबाहेरच्या खोलीत वेटसूट टांगलाय,
काळा, रिकामा, खांदे पाडून.
साप कात टाकतो,
मला घालायची आहे.
सूट माझ्या बहिणीचा, मार्युतचा.
ती एकशे चाळिसाव्या किलोमीटरला
सायकलवरून उतरली, गवतात बसली,
आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलली नाही.
मी मागितला तेव्हा "बरं" एवढंच म्हणाली.
धुऊन, घडी न मोडता पाठवला.
उजव्या बाहीत चिठ्ठी होती:
मानेला व्हॅसलिन लाव. भरपूर लाव.

कधी कधी वाटतं, सोमवार येऊच नये.
म्हणजे यावा,
पण ही जी पोटात फुलपाखरं नव्हेत,
मासळीसारखं काहीतरी वळवळतंय,
ते शनिवारी असेल, रविवारी असेल,
आणि सोमवारी साडेपाचला
त्याच्या जागी नुसता घाम असेल.

रात्री बर्फ बोलतो.
लांबून एक हुंकार येतो, बेटाकडून,
पायाखालून धक्क्याकडे जातो.
आज मी तो ऐकायला सरोवरावर गेले.
व्हेइको अजून तिथेच, कंदील घेऊन.
"काय करतेस इथे?"
"वाट बघतेय."
"मीही," म्हणाला,
आणि स्टुलावर थोडासा सरकला.