नेम

पंधरा नोव्हेंबर, पहाटेचे पावणेपाच.
केबिनमधली लोखंडी शेगडी रात्रभर धगधगून
आता नुसती कुरकुरते आहे.
आर्विडकाकांनी कॉफी उकळलीय,
इतकी काळी, की चमच्यालाही पश्चात्ताप व्हावा.
बाबांचा चष्मा गाडीत राहिलाय, म्हणून बायबल मिटलेलंच.
स्तोत्र त्यांना पाठ आहे, अर्धं फिनिशमध्ये, अर्धं इंग्रजीत;
मधल्या दोन ओळी ते दर वर्षी विसरतात
आणि दर वर्षी तिथे खोकतात.
आम्ही त्या खोकल्यालाही आमेन म्हणतो.

मी तेरा वर्षांची. पहिलंच लायसन्स.
नारिंगी जाकीट रेनोचं, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
बाबांनी तळहातावर तीन काडतुसं ठेवली.
"तीनच?"
"एक पुरतं. दुसरं चुकीसाठी.
तिसरं घरी परत आणायचं."

सीडरच्या दलदलीत, बर्फाने वाकलेल्या फांदीखाली
आम्ही पाठीला पाठ लावून बसलो.
थंडी बुटांतून चढली आणि
उसने पैसे मागायला आलेल्या नातेवाइकासारखी
उठायचं नाव घेईना.
सुपीरियरवरून वारा येत होता, त्याला लोखंडाचा वास.
मी प्रार्थना करत होते. खरं सांगायचं तर, लघवीला जायची वेळ टळावी म्हणून.

तेवढ्यात तो आला.
सहा टोकांची शिंगं, नाकातून वाफ,
जणू नुकताच कुणाशी तरी बोलून आलेला.
मी श्वास सोडला. चाप ओढला.

तो पडला नाही.

बर्फावर एक थेंब.
दहा पावलांवर दुसरा.
बाबा रागावले नाहीत, हेच मला लागलं.
नेम चुकला होता;
पण आमच्या घरचा नेम असा,
की जखमी केलेलं अर्ध्यात सोडायचं नाही.
"चल," एवढंच म्हणाले.

चार तास. ओढा, गोठलेला, मग न गोठलेला.
एक मोजा ओला. पावाचा एक तुकडा, दोघांत.
थेंब एका तारेच्या कुंपणाखालून पलीकडे गेले होते
आणि तिथे बाबा थांबले.

पलीकडे वाइनो निस्कानेनची सफरचंदाची बाग.
नऊ वर्षांपूर्वी मंडळी दुभंगली,
कशावरून, ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही.
तेव्हापासून दुकानात समोर आले तरी
दोघंही पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं वाचायचे.

बाबांनी टोपी काढली. तार वर धरली. "वाक."

शेवटच्या झाडाखाली तो बसला होता, मान ताठ,
आणि त्याच्यापासून वीस पावलांवर
हातात दोरी घेऊन निस्कानेन,
कधीपासून उभा, कोण जाणे.

"गोळी मुलीची," बाबा म्हणाले. "जमीन तुझी."
निस्कानेनने माझ्याकडे पाहिलं.
बाबांनी बंदुकीला हात लावला नाही.
दुसरं काडतूस मी स्वतः भरलं.
हात थरथरत होता, पण या वेळी
मी डोळे उघडे ठेवले.

मग खूप वेळ कुणी बोललं नाही.
पोट फाडायला सुरी निस्कानेनची,
रक्तात गुडघे तिघांचे.
त्याने घसरगाडी आणली. बाबांनी एक मागचा पाय,
चांगला, कंबरेकडचा, त्याच्या पायरीवर ठेवला.
नको म्हणाला नाही. आभारही मानले नाहीत.

आम्ही कुंपणापाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला,
"देवाची शांती, पोरी."

आमच्यात हे ज्याला-त्याला म्हणत नाहीत.
नऊ वर्षं त्या बाजूने या बाजूला
कुणीच म्हटलं नव्हतं.
मला उत्तर ठाऊक होतं, पण जीभ वळेना.

बाबा वळले. तोंड उघडलं.
आणि खोकले.
तिथेच, त्या दोन ओळींच्या जागी.

पलीकडून निस्कानेनही खोकला.

तिसरं काडतूस स्वयंपाकघराच्या खणात आहे,
रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांमध्ये.
माझ्या मुलीला या वर्षी तेरावं लागलं.
काल तिने विचारलं, हे कुणासाठी?