खुर्ची नंबर चार, परळ

डाव्या हातात दोन सुया, तो हलवायचा नाही.
म्हणून पत्ते उजव्यात,
आणि पिसायला सिस्टर शिंटू, तिला सवड असेल तेव्हा.
शेजारच्या खुर्चीत गफूर परकार,
एकतीस वर्षं जहाजावर भंडारी,
आता माझगावहून टॅक्सीनं
मंगळ, गुरु, शनि.

म्हणाले, बाय, तीन पत्ती विसर.
हे बघ, दोन पत्ते तुझे. आईलासुद्धा दाखवायचे नाहीत.
पाच मधे. ते तुझेही, माझेही.
आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं एक,
आणि दर थांब्यावर स्वतःला विचारायचं :
राहू, वाढवू, की जाऊ?
जाण्यात लाज नाही. भल्याभल्यांना जाता येत नाही.

पत्ते बघण्याआधीच पैसे टाकायचे असतात, हेही सांगितलं.
डिपॉझिट, मी म्हटलं.
ते इतके हसले की मशीन ओरडायला लागलं.

पैसे म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्यांची झाकणं,
एक झाकण, एक घोट पाणी.
दिवसाला साडेसातशे मिली मिळतं आम्हाला,
चहा आणि आमटी धरून.
मी पहिल्या आठवड्यात उधारीवर
एक माठ हरले.
ओळीत पाच आले म्हणून नाचले,
त्यांच्याकडे पाचही बदाम.
रंगापुढे ओळ हरते, हे मी दोनदा विसरले.

आणि थापा? थाप मारली की पकडायचेच.
महिन्यानं कळलं कसं.
माझा चेहरा नव्हेच, माझ्या डोक्यावरचा स्क्रीन वाचत होते :
नाडी ब्याण्णव, नाडी एकशे चार.
मी नॅपकिन टाकला त्यावर.
सिस्टरनं काढला.
त्यांचा स्क्रीन भिंतीकडे तोंड करून. नशीब, म्हणाले.

काल मधे राणी, अठ्ठी, तिर्री, गुलाम, पंजी.
माझ्या हातात राणी आणि अठ्ठी.
त्यांनी सगळी झाकणं चादरीवरून पुढे सारली,
चेहरा शांत, भाताला आधण ठेवल्यासारखा.
बाहेर अंधार पडला होता.
खिडकीच्या काचेत हिरवा आकडा : आठशे अकरा.
उलटा वाचला. एकशे अठरा.

थाप आहे, म्हणजे.
किंवा थाप नाही, दुसरंच काहीतरी आहे,
जे पत्त्यांत नसतं.

मी दोन्ही पानं पालथी टाकली.
गेले, म्हटलं.
त्यांनी त्यांची उघडी केली, विचारलं नसताना :
इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. कशातच काही नाही.
सत्तावीस घोट, बाय. लिहून ठेव.
मी सिस्टरला हाक मारली.