आठशे पन्नास

एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
चहा लवकर उकळतो आणि लवकर निवतो.
जुन्या मोबाइलच्या दुकानामागे एक खोली,
सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी.
ती माझी.
शिकवणारी वायरा, वय सोळा,
च्युइंगम चघळत म्हणाली,
"घाबरू नका, एलियोदोराबाई,
जळला तर दिवा जळेल, घर नाही."

माझे हात लोकरीचे.
वीस वर्षं टोप्या विणते, दोन सुलट, दोन उलट,
अंधारातही टाका चुकत नाही.
पण ही पांढरी पट्टी, नुसती भोकंच भोकं,
चाळणी म्हणावी, तर पीठ कुठलं?
दिव्याला दोन पाय,
लांब पाय अधिककडे, आखूड उणेकडे.
मध्ये एक दाणा, अंगावर पट्टे,
तांबडा, तांबडा, तपकिरी.
"हा अडवतो," वायरा म्हणाली,
"नाहीतर दिवा हावरटासारखा पितो आणि मरतो."
असा दाणा माझ्या थोरल्या भावाला हवा होता.

मग अक्षरं.
पेटव. थांब. विझव. थांब.
चारच ओळी. चौथीनंतर पुन्हा पहिली.
टोपीला तरी शेंडा असतो.

"थांब" म्हणजे किती, तेही सांगावं लागतं.
हजार सुटे दिले की एक सेकंद मिळतो.
मी बाजारातली बाई, सुट्यांचा हिशेब मला कळतो.

पडदा लालभडक झाला.
अर्धविराम राहिला होता.
प्रत्येक ओळीमागे अर्धविराम,
पूर्णविराम शोधला, तो कुठेच नव्हता.
अर्धविराम दिला. पडदा शांत.
दिवाही शांत.
वायराला कळलं होतं, मी पैजेवर सांगते,
पण ती खिडकीबाहेर बघत राहिली,
जणू डोंगर आजच आणून ठेवलाय.
तारा मोजल्या. भोकं मोजली.
मग पाय.
उलट घातला होता, सुलटच्या जागी.

काढला, फिरवला, खोचला.

मसुराएवढा तांबडा.
गेला.
आला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
माझी खुर्ची तेवढी वाजली.

हे मी कशाला शिकते, कुणी विचारलं नाही.
ताताला ऐकू येत नाही.
कान ओरुरोच्या खाणीत राहिले, सुरुंगांच्या हवाली.
किल्ली विसरले की मी दार बडवते,
आणि पायरीवर बसून राहते
मांडीवर बटाट्यांची पिशवी घेऊन,
तो खिडकीशी येईपर्यंत.
दारावरच्या बटणाचा धडा पुढच्या गुरुवारी.
आज फक्त हा दिवा,
आणि वायराचा उसना लॅपटॉप, झाकणाला चिकटपट्टी.

टेबलावर ठेवला.
तातानं विळी खाली ठेवली.
बहिरा माणूस बोलतो तसा, भिंतीपलीकडे जाईल असं म्हणाला,
"फार सावकाश. हा बसलाय."
मी हजार खोडले, तीनशे लिहिले.
"छे. हा घाबरला.
छतातून माती गळायला लागली की असाच हलतो."
सहाशे. मान नाही.
नऊशे. "जवळ आलीस."
आठशे पन्नास.

तो बोलला नाही.
पुढे वाकला, डोळे बारीक केले,
दिव्याकडे बघत नव्हता, दिव्याच्या मागे बघत होता,
लांब, टेबल संपतं त्याच्याही पलीकडे.
"हा माणूस वर येतोय," तो म्हणाला, पहिल्यांदाच हळू.
"पाऊल पडतं तेव्हा दिसतो,
पाऊल उचलतं तेव्हा नाही."

मी विचारलं, कोण?
माझे ओठ त्यानं वाचले नाहीत, की वाचले,
कुणास ठाऊक.
उठला,
आणि भांड्यात आणखी एक बटाटा टाकला.