सात सेकंदांचा भोंगा

लर्विकच्या चढावर माझी शेड आहे, तिथे
लाउरी इस्बिस्टर खुर्ची ओढून बसला.
वय एकोणऐंशी. कोटाच्या खिशात कॅसेट,
तिच्यावर पेन्सिलीने : स्क्राडा, भोंगा, शेवटची रात्र.
"हा एका बटणावर बसवून दे," म्हणाला,
जसा चपलेचा अंगठा शिवून मागावा कुणी.

माझा सॅम्पलर तीस वर्षांचा. मेमरी दोन एमबी,
दोन ओळींचा हिरवा पडदा,
फ्लॉपी गिळताना खोकतो.
भोंगा आत घेतला. मधला सपाट तुकडा निवडून
लूप लावला. सांध्यावर टिक् वाजायचं,
घासात खडा यावा तसं.
क्रॉसफेड वाढवत गेले, वाढवत गेले,
खडा विरघळला.

मग एन्व्हलप.
अटॅक शून्य. पट्टी दाबली, आवाज धाडकन अंगावर.
"असा नव्हे. आधी टाक्यांत हवा भरायची,
मग तो घसा खाकरायचा, मग यायचा."
चाळीस.
"अजून."
बावन्न.
"अजून थोडा. म्हातारा होता तो."
एकसष्ट.

डीकेला हात लावू दिला नाही.
सस्टेन नव्याण्णव : एका उंचीवर, मान न वळवता.

रिलीज मी लांब दिला, हौसेने,
घंटेमागे आस रेंगाळते तसा.
तो चिडलाच. "आस कसली?
संपताना कण्हायचा तो. गाय बसते तसा,
सगळं वजन एकदम सोडून."
तर रिलीज नऊ. पिचला वेगळा एन्व्हलप,
शेवटाला उणे चोवीस,
दोन सप्तकं खाली एका हुंकारात.
लाउरी भिंतीकडे बघून हसला.

"आणि हळू दाबलं की हळू वाजतो, ऐक,"
मी कौतुकाने दाखवलं.
"ते बंद कर.
बोटीवर कोण आहे ते बघून तो कधी ओरडला नाही."
व्हेलॉसिटी शून्य.
कीबोर्डच्या एकसष्ट पट्ट्यांना एकच सूर.
मॉड्युलेशनच्या चाकावर मी एक संथ एलएफओ बांधला होता,
चाक सरकवलं की आवाज डोलायचा.
तो बराच वेळ ऐकत राहिला.
"हे राहू दे. हे त्याचं नव्हतं, वाऱ्याचं होतं."

मिडी चॅनेल कुठला, विचारलं. त्याला उमजेना.
एकाच तारेतून सोळा वाटा जातात, सांगितलं,
ज्याने त्याने आपापली ऐकायची.
"आणि ज्याला आपली ठाऊक नाही त्याने?"
मी ओम्नी चालू केलं.

दुपारभर एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती.
बोलता बोलता तो मध्येच थांबायचा.
आधी वाटलं, शब्द सापडत नसेल. वय झालं.
मग मी मोजलं. सात सेकंद.
दीड मिनिटाने पुन्हा सात.
भोंगा बंद होऊन चौदा वर्षं झाली.
"टोकावर आम्ही सगळे असेच बोलायचो," लाउरी म्हणाला,
"वाक्य हातात धरून उभं राहायचं,
चहाचा कप धरतात तसं, न सांडता."

फ्लॉपीवर नावाला आठच अक्षरं मिळतात.
स्क्राडा लिहिलं, उरलेली जागा कोरी सोडली.
सेव्ह व्हायला चाळीस सेकंद लागतात. त्यात त्याने
कॅसेट पुन्हा खिशात घातली, खिशाचं बटण लावलं.

"त्या शेवटच्या रात्री," मग तो सांगू लागला,
"बारा वाजून गेलेले. समुद्र दिसत नव्हता, स्वतःचे बूट दिसत नव्हते.
मिमा इंजिनघराच्या दारात येऊन उभी राहिली,
अंगावर माझा रेनकोट. आणि मला म्हणाली,"

आणि मूठ कीबोर्डवर.

खिडकीची काच. बशीतला चमचा.
खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला उठलं, विसरलं.
मी त्याच्या तोंडाकडे बघत होते,
तो दाराकडे.
सात.

हुंकार.

"दूध संपलंय."