दोर

कापणीच्या सणाचा रविवार.
आमच्या टिनाच्या देवळात आज पाय ठेवायला जागा नाही.
कोहळे, तुरीच्या ओल्या शेंगा, ज्वारीची कणसं,
आणि एलिशाच्या घरचा तांबडा कोंबडा, पाय बांधलेला,
दर कडव्याला मधेच आरवणारा.
आराधना संपली की लिलाव.
कोंबडा शेवटी पाळकच सोडवून घेतील, दरसालासारखा.

मी बाहेर, चपलांच्या ढिगापाशी.
अकरा वर्षं सणाला इथंच उभा असतो,
कडुनिंबाला पाठ लावून.
आत जात नाही, घरीही जात नाही.
आतून आरवणं आलं
की आपोआप मान खाली जाते.

खजिनदार होतो मी.
छपराच्या वर्गणीतले चार हजार दोनशे
मंगरूळच्या बाजारात एका दुपारी आकड्यावर लावले.
घरात आजारपण नव्हतं, पोरीचं लग्न नव्हतं,
सांगण्यासारखं एकही कारण नव्हतं.
त्या पावसाळ्यात पुलपिटावर गळलं.
पाळकांनी वही मागितली. दिली.
त्यांनी पानं चाळली, वही मिटली,
चहा घेणार का, म्हणाले.
शिवी दिली असती तर मी रविवारी आलो असतो.

माय सांगायची:
गावच्या विहिरीचा काठ आपल्याला नव्हता.
लांब बसायचं, ओंजळ धरायची,
कोणी वरून वाढलं तर वाढलं.
मग मिशनच्या आवारात विहीर लागली,
आणि पहिल्या दिवशी माय तिथंही लांबच बसली,
ओंजळ धरून, सकाळपासून.
सवय अशी असते, बोटांत शिरलेली.
दुपारी सगुणी आली, आमच्यातलीच, एकटी राहणारी,
तिनं दोराचं टोक मायच्या मांडीवर टाकलं.
"वाढनाऱ्याची वाट कायले पाहून रायली व?
हीर आपलीच हाय. वढ."

माय म्हणायची, पहिली बादली वर येईस्तोवर
हात लटलट कापत होते,
अर्धं पाणी सांडलं,
पण दोर माझ्या हाती होता.
येशूविषयी पाळकांनी मला पुष्कळ शिकवलं.
मायनं एवढंच.

आज कोंबड्याची सुतळी सुटली.
बाकांखालून, पायांमधून, दारातून तो बाहेर,
मागे एलिशाचा नातू, "काका, धरा! धरा!"
धरला. छातीशी त्याचं काळीज
माझ्याहून जोरात धडधडत होतं.
पोरानं उंबऱ्यातून हात पुढे केले,
मी कोंबडा दिला,
आणि हात रिकामे झाले.
पोरगं म्हणालं, "या ना."
जसं काही मी पाणी प्यायला बाहेर आलो होतो.

चपला काढायच्या राहिल्या.
तसाच कोहळ्यांमधून वाट काढत पुढपर्यंत गेलो.
"हे परमदयाळू" पर्यंत माझी जीभ पोचत नाही,
घरी बोलतो तसंच बोललो:

देवबापा, म्या आलो.
पैसे म्याच खाल्ले.
हातात काई नाई.
इचारून येनार होतो,
पन इचारू का नको, यातच अकरा वर्सं गेली.
तुया पोरानं दोर टाकून ठेवला मांडीवर,
त्याच्या तळहाताले अजून खुना हायेत.
मंग म्या काऊन लांब बसू?

कुणी आमेन म्हटलं नाही.
एलिशाची म्हातारी बाकावर वीतभर सरकली.
लिलावात कोंबडा कितीला गेला, ऐकलं नाही मी.
हात लटलट कापत होते.
अर्धं सांडलं.
सांडू दे.