फिक्स पन्नास

सुरतेच्या मामेभावाने कॅमेरा दिला,
म्हणजे नुसतं धड दिलं.
सोबतच्या लेन्सला आतून बुरशी,
उजेडाला धरली की दिसायचं
काचेत कोळ्याने घर बांधल्यासारखं.
बॉडी ओके आहे, तो म्हणाला, बाकी तू बघ.

बाकी मी सात महिने बघत होते.
भिशीचा नंबर लागला तो ऐन मे महिन्यात.
भुसावळहून सकाळची मेमू, जळगाव,
पुलापलीकडच्या गल्लीत भदाणे आबांचं दुकान,
अरुंद जिना, कूलर बंद,
काचेच्या कपाटात सिलिकाच्या पुड्या
आणि तीन लेन्स, उंचीप्रमाणे,
शाळेत प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या.

मी बोट ठेवलं सगळ्यात उंच होती तिच्यावर.
पंचावन्न ते अडीचशे.
खिडकीतून रोखली. समोरच्या गच्चीवर
एक बाई कुरडया घालत होती.
तिच्या नाकातली चमकी दिसली मला,
आणि तिला पत्ताही नव्हता.
हेच तर हवं होतं.
हळदीत, मिरवणुकीत, फलाट नंबर चारवर
खांबाआडून काढता येतील माणसं,
कुणी वळून विचारणार नाही,
काय गं, काय बघतेस.

आबांनी चहा बशीत ओतला.
"कोना फोटू काढशी?"
माणसांचे, म्हटलं.
"कितला दूर उभी ऱ्हाशी?"

किमती पाठ होत्या मला, मेगापिक्सेल पाठ होते,
कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर बसत नाही तेही.
हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.
मी सिलिकाची एक पुडी उलटीपालटी करत बसले.

मधली, अठरा-पंचावन्न, परवडत होती.
ती सगळंच करते, म्हणाले,
म्हणून तू काही शिकणार नाहीस.
हे मला अजून पटलेलं नाही.

मग तिसरी काढली. करंड्याएवढी.
कडं फिरवलं, काहीच जवळ आलं नाही.
हिला झूम?
"पाय शेत ना तुले?"

एक पॉइंट आठ. आकडा लहान तेवढं भोक मोठं,
हे उलटं गणित त्यांनी एका जुन्या लेन्सवर दाखवलं.
पाती मिटत गेली एकावर एक,
जशा आमच्या लाइनीतल्या बायका
अकराचं ऊन चढलं की दारं लोटून घेतात,
बोटभर फट ठेवून.

आठ हजार दोनशे.
उरलेल्यात कार्ड, आणि घरी केळीचे वेफर्स.
परतीच्या गाडीत ती ओढणीत गुंडाळून
मी मांडीवर धरली. ऊन खिडकीतून हातभर आत.

रात्री क्वार्टरमध्ये ट्यूबलाइटखाली
बाबा शेडमधून येऊन जेवायला बसलेले,
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
पहिल्या फोटोत बाबांचा कान अगदी स्पष्ट,
डोळे धुक्यात.
दुसऱ्यात नुसता कांदा.
सगळे मावावेत म्हणून मागे सरकले,
पाठ कपाटाला लागली. आई बाहेर, लोकेश अर्धा.
माठाला वळसा घातला. लोकेशचा कोपर आला,
आईचा वाढता हात आला, आई नाही.
उंबऱ्यावर उभी राहिले. तरीही नाही.
पायरी उतरले, दुसरी उतरले,
शेजारच्या सपकाळ्यांच्या स्कूटरला टेकले तेव्हा
आपोआप सगळे आले:
बाबा, आई, लोकेश, भाकरीची टोपली, भिंतीवरचं कॅलेंडर
आणि चारही बाजूंनी दाराची चौकट.

इतकी वर्षं मी त्या खोलीत होते.
ती एवढी दिसते हे मला माहीत नव्हतं.

कुणीतरी हलेल म्हणून श्वास धरला.
बाबांनीच मान वर केली, थेट माझ्याकडे,
हातात घास तसाच.
"आत ये ना. डास येताहेत."

बटण तेव्हाच दाबलं गेलं.
फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे,
'ये' म्हणताना.